रिंग चुकती की!

मदिनाबीनं आयुष्यभर नवऱ्यापेक्षा त्याच्या घड्याळालाच जास्त शिव्या घातल्या. लालसाब एमआयडीसीतल्या टॉवेलचा ट्रक चालवायचा. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला आकड्यांची फिरती रिंग होती. किती किलोमीटर जायचंय आणि गाडीचा वेग किती, एवढं जुळवलं की वेळ किती लागेल ते ती सांगायची. परतताना मैंदर्गीहून तो फोन करायचा, "रिंग म्हणती, सहाला घरी." मदिनाबी लगेच रस्सा गॅसवर चढवायची. तो यायचा आठला.

"रिंगच चुकती की, मी काय करू?"

"जळो मेलं ते घड्याळ, फेकून द्या!" ती कडाडायची आणि गार झालेला रस्सा पुन्हा तापवायची.

लालसाब जाऊन वर्ष झालं. मैंदर्गीच्या एका लग्नाहून परतताना त्यांच्या लेकीनं, सबानं, बापाचं घड्याळ हातात घातलं होतं. मोबाइलवर अंतर बघून तिनं रिंग फिरवली.

"अम्मी, सहाला पोचतो बघ."

"कशाचं पोचतोय! लई खोटारडं हाय ते."

गाडी दारात थांबली तेव्हा सहाच वाजले होते.

"बघ, एकदम बरोबर हाय की!" सबा हरखली. "उगंच शिव्या देत होतीस."

मदिनाबी उंबऱ्यावरच बसली. त्याच्या उशिरा येण्याचं तिला आता काहीच वाटेना. आठवत राहिलं ते एवढंच, की इतक्या लांबून दमून आलेला माणूस तापवलेल्या रश्श्याकडं बघून दर खेपेला म्हणायचा, "राहू दे, भूक न्हाय."