शेजाऱ्यांच्या नावाने

काखेती या द्राक्षमळ्यांच्या मुलखात पाहुण्याला उपाशी पाठवणं हे पाप आहे आणि वेळेत पाठवणं त्याहून मोठं. लामाराला आता ही दोन्ही पापं करायची होती, कारण तिच्या सुनेने तसं ठरवलं होतं.

सून ताको राजधानीतली, तिबलिसीची. पर्यटन शिकलेली. तिचं म्हणणं असं, की पाहुण्याच्या कायम लक्षात राहील असा अनुभव द्यायचा, तर तो तासाभरात आटपला पाहिजे. आधी वाइन मुरवायचं रांजणघर दाखवायचं, मग भट्टीच्या भिंतीला पाहुण्यांच्या हातून पाव चिकटवून घ्यायचा, मग तीन वाइन आणि तीनच प्याले: देवाचा, शांततेचा, पाहुण्यांचा.

"तीन?" लामाराचा नवरा झाउर म्हणाला. "तिसऱ्या प्याल्यापर्यंत माझा घसासुद्धा मोकळा होत नाही."

झाउर गावाचा तमादा होता. जेवणाच्या टेबलाचा सूत्रधार. तो बोलल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, आणि तो बोलायला लागला की लवकर प्यायला मिळायचं नाही. एका बारशाला त्याने आईवडिलांच्या नावाने प्याला उचलला, तेव्हा मटण तीनदा गरम करावं लागलं होतं.

"बाबा, एजन्सीच्या रुसुदानबाई सहा परदेशी पाहुणे घेऊन येतायत," ताको समजावत होती. "त्यांना आवडलं तर हंगामभर त्यांच्या बसेस आपल्याकडे थांबतील. नाही आवडलं तर..."

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. तर लामाराचा मुलगा शोता ट्रक चालवायला पोलंडला जाणार, ताको त्याच्या मागोमाग जाणार, आणि माडीवर नव्याने बांधलेल्या दोन खोल्यांत लामारा कांदे वाळवणार. ट्रक कंपनीचा पोलंडमधला माणूस शोताच्या फोनची वाट बघत बसला होता.

"झाउर, माझ्याकडे बघ," लामारा म्हणाली. "तीन."

"तीन," झाउर म्हणाला. दाढ उपटून घ्यायला बसलेल्या माणसाचा चेहरा करून.

पाहुणे आले. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण त्यांनी वाकून पाहिले. भट्टीत पाव चिकटवताना एका डच माणसाच्या हातावरचे केस जळाले आणि तो फार खूश झाला. झाउरने देवाचा प्याला उचलला. थोडक्यात. शांततेचा उचलला. थोडक्यात. लामाराला वाटलं, नवरा आजारी आहे की काय. पाहुण्यांचा प्याला झाला, रुसुदानने घड्याळाकडे पाहून मान डोलावली, ताकोने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात त्या डच माणसाने विचारलं आणि रुसुदानने भाषांतर केलं, "या गावातली सगळ्यात चांगली वाइन तुमचीच का?"

आता हातात भरलेला प्याला असताना यजमानाने स्वतःची वाइन चांगली म्हणायची नसते. आणि तमादाने कुणालाही वाईट म्हणायचं नसतं. मग उरतं काय? झाउर उठला.

"शेजाऱ्यांच्या नावाने," तो म्हणाला.

लामाराने डोळे मिटले. शेजारी एकच होता, ओमारी. भिंतीपलीकडे त्याचं रांजणघर होतं. त्याच्या अक्रोडाची सावली यांच्या वेलींवर पडते या कारणावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. निदान झाउरची समजूत तशी होती. ओमारी मुळातच कुणाशी बोलत नसे, त्यामुळे बोलणं बंद केल्याचं त्याला कळलं का, हाही प्रश्न होता.

पण तमादाला भांडण माफ असतं, कंजूसपणा नाही. झाउरने ओमारीच्या आजोबांपासून सुरुवात केली. त्यांनी रांजण घडवले ती माती, त्या रांजणांत मुरणारी काळीशार सापेरावी वाइन, ओमारीचे दगड फोडल्यासारखे तुटक शब्द, पण त्यामागचं काळीज. "दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा," झाउर म्हणाला, "आणि माझ्या शेजाऱ्यापुढे तर मी स्वतःला शेतकरी म्हणायलाही लाजतो. गाउमार्जोस, त्याचा जय असो." पाहुण्यांतली एक पोलिश बाई रडली. रुसुदानला दोनदा भाषांतर थांबवून डोळे पुसावे लागले. मग तिने विचारलं, "हे ओमारी राहतात कुठे?"

"चला, दाखवतो," झाउर म्हणाला. आणि त्याने खरोखर दाखवलं.

दोन दिवसांनी फोन आला. अनुभव अविस्मरणीय होता, बसेस आजपासून ओमारीकडे थांबतील.

"स्वतःच्या तोंडाने गिऱ्हाईक शेजारी नेऊन सोडलंस," लामारा म्हणाली. "लग्नात माझ्या बापाने तुझी जीभ तपासायला हवी होती."

"मग काय म्हणायला हवं होतं? ओमारीची वाइन आंबट आहे म्हणून?"

"आहे ना आंबट."

"प्याला हातात होता, लामारा."

शोताने पोलंडला संध्याकाळी कळवायचं ठरवलं.

दुपारी फाटकाशी ओमारी उभा. टोपी हातात.

"बस आली," तो म्हणाला.

"आनंद आहे," लामारा म्हणाली.

"बसलेत. प्या म्हटलं. पीत नाहीत. बोला म्हणतात." त्याने झाउरकडे पाहिलं. "मला नाही येत."

झाउरने कोट चढवायला घेतला होता. तमादाला बोलावणं आलं की भांडण खुंटीवर टांगायचं, असाच रिवाज आहे. लामाराने कोटाची बाही धरली.

"येईल हा," ती ओमारीला म्हणाली. "पण शेजाऱ्यांचा प्याला तुम्ही उचलायचा."

ओमारीने टोपीच्या आत पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला.

लामारा आणि ताको भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. झाउर सुटला होता. देव, शांतता, मायभूमी, गेलेली माणसं, येणारी मुलं. यजमानाची स्तुती तर अशी केली, की ताको पुटपुटली, "आई, आता बसेसच काय, विमानंही इथेच उतरतील." मग त्याने शेजाऱ्यांचा प्याला ओमारीकडे सोपवला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोंबडी ओरडली, मध्येच थांबली.

"त्याची वाइन माझ्यापेक्षा चांगली आहे," ओमारी म्हणाला. "म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हतो."

आणि बसला.

रुसुदानने भाषांतर केलं. त्याला फार वेळ लागला नाही. झाउरने रिवाजाप्रमाणे उत्तर द्यायला हवं होतं, पण भिंतीपलीकडून त्याचा आवाजच आला नाही. लग्नानंतर प्रथमच लामाराला त्याची खरी काळजी वाटली. मग बाकं सरकली, बरीच पावलं एकदम वाजली, आणि रुसुदान कुणाला तरी विचारू लागली, की या भिंतीला दार कुठे आहे.

लामारा आत वळली. शोता फोन हातात घेऊन पायरीवर बसला होता.

"ठेव तो," ती म्हणाली. "आधी प्याले धू. ओमारीसाठीही एक काढ. आणि मोठा काढ, तो बोलून दमलाय."