टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. वयाने जुनी, उंचीने कमी. शाळेतली खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मुख्याध्यापकांची गादीवाली, गोल फिरणारी खुर्ची आली असेल. ती मी नव्हे. ती टेबलाच्या पलीकडे असते, मी अलीकडे. ज्यांना बोलावणं येतं, ते माझ्यावर बसतात. आज मला इतका आनंद झालाय की एका जागी बसवत नाही. खुर्ची असल्यामुळे मला मुळात बसताच येत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच सांगते.

मला एका सुतारबाबांनी आणि त्यांच्या जावयाने मिळून बनवलं. जावयाने माझ्या पाठीला एक जादा पट्टी ठोकली. सासरे म्हणाले, "ही कशाला, जावईबापू?" जावई म्हणाला, "टेकणाऱ्याला बरं वाटेल." सासऱ्यांनी ती काढायला लावली नाही. यावरून त्या घरात सगळं ठीक चाललं होतं असं दिसतं.

शाळेत आले तेव्हा मी चांगली उंच होते. त्या वेळी मुख्याध्यापक होते मोठे सर. एका दुपारी त्यांनी हस्तकलेच्या सरांना करवत घेऊन बोलावलं. म्हणाले, "हिचे पाय दोन बोटं कमी करा. समोरचा माणूस माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो. मला ते जड जातं."

हस्तकलेचे सर कागदाची फुलं करण्यात तरबेज. लाकडाशी त्यांची ओळख जुजबी. त्यांनी तीन पाय दोन बोटं कापले आणि चौथा अडीच. मी डुगडुगू लागले, म्हणून उरलेले तीन पुन्हा कापले. ते जरा जास्तच झाले. मग चौथ्याची पाळी आली. पाय सारखे होईहोईपर्यंत मी चांगली वीतभर खचले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा वाजली म्हणून वाचले, नाहीतर आज हे आत्मवृत्त एखाद्या पाटाने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी माझ्यावर पहिल्यांदा कोणाला बसवलं असेल? हस्तकलेच्या सरांनाच. त्यांचे गुडघे थेट छातीला लागले. आपलं काम चोख झालंय हे त्यांना बसल्याबसल्या कळलं.

मित्रांनो, नंतर कित्येक वर्षं मी माणसांना लहान करण्याचं काम केलं. चित्रकलेचे सर ताडमाड उंच. माझ्यावर बसले की त्यांचे गुडघे कानांशी यायचे आणि ते नाकतोड्यासारखे दिसायचे. नाकतोड्यासारखं दिसत असताना रजा मागणं सोपं नसतं. ते "येतो" म्हणून उठायचे आणि रजा मागायची राहून जायची.

व्याकरणाच्या बाई तेवढ्या न घाबरणाऱ्या होत्या. एकदा बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर शाळेचंच नाव चुकीचं छापून आलं. बाईंनी माझ्यावर बसून मोठ्या सरांना तसं सांगितलं. सर हसून म्हणाले, "धन्यवाद." दुसऱ्या दिवसापासून बाई 'पाणी टाकी प्रमुख' झाल्या. कोणत्या नळातून किती थेंब गळतात, याची रोज नोंद. ही नेमणूक अकरा वर्षं टिकली. तेव्हापासून कोणी "धन्यवाद" म्हटलं की आमच्या शिक्षकखोलीत माणसं आपापल्या चपला शोधू लागतात.

मोठे सर निवृत्त झाले. त्यांना निरोप देताना सगळ्यांनी फार छान भाषणं केली. एकही शब्द खरा नव्हता, पण उच्चार स्पष्ट होते.

मग आल्या नव्या बाई! काय तो उत्साह! पहिल्याच सभेत म्हणाल्या, "माझं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. शिपाईमामांकडून बिजागऱ्या काढवल्या आणि दारच भिंतीला टेकवून ठेवलं. आता कोणीही केव्हाही आत यावं.

कोणीही आलं नाही. उलट, आता नव्या बाईंना जाणारे-येणारे सगळे दिसतात, म्हणून शिक्षकांनी त्या बाजूने जाणंच सोडलं. शिक्षकखोलीतून स्वच्छतागृहात जायला बारा पावलं लागायची. आता लोक मागच्या दाराने मैदानात उतरून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून जाऊ लागले. चित्रकलेच्या सरांचं त्यात दोन किलो वजन उतरलं.

हे मला शिपाईमामांनी सांगितलं. रोज सकाळी मला पुसताना ते शाळेच्या बातम्या देतात. पुसतात कमी, सांगतात जास्त.

नव्या बाईंनी नवं वेळापत्रक केलं, तेही रंगीत पेन्सिलींनी, एका बैठकीत, स्वतःच्या हाताने. फक्त तासांच्या रकान्याशेजारी खोल्यांचा रकाना लिहिताना पट्टी सरकली आणि सगळ्या खोल्या एक ओळ खाली घसरल्या. त्यामुळे संगीत गेलं वाचनालयात, व्याकरण भांडारखोलीत, विज्ञान मैदानावर आणि कवायत प्रयोगशाळेत.

सूचनावहीत सगळ्यांनी ते वाचलं. सगळ्यांना चूक दिसली. सगळ्यांनी सही केली. आणि, मित्रांनो, सगळे तसंच वागू लागले!

व्याकरणाच्या बाई मोडक्या बाकांच्या ढिगावर मुलांना बसवून विभक्ती शिकवू लागल्या. वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली ढोल वाजू लागला. प्रयोगबाई, म्हणजे विज्ञानाच्या सगळ्यात तरुण शिक्षिका, सूक्ष्मदर्शक कडेवर घेऊन मैदानात निघाल्या. नव्या बाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि खूश होऊन ओरडल्या, "मोकळ्या हवेत विज्ञान! वा!" झालं. आता तर हे मुद्दामच केलंय याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

हसू नका. खरी अडचण होती प्रयोगशाळेत. तिथे काचेचं एक उंच कपाट भिंतीला चार स्क्रूंनी लावलेलं आहे, आत काचेच्या बरण्या. प्रयोगबाई आम्लाच्या बाटल्या टोपलीत घालून सोबत न्यायच्या, पण कपाट कसं नेणार? पहिल्या बुधवारी कवायतीच्या शिट्टीवाल्या सरांनी तिथे चाळीस मुलांकडून उठाबशा काढून घेतल्या. एक स्क्रू निघाला. दुसऱ्या बुधवारी दोरीवरच्या उड्या झाल्या. दुसरा निघाला. तिसऱ्या बुधवारी चौथ्या तासाला होती उंच उडी.

प्रयोगबाई त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी मैदानावर जा ना."

"आणि विचारलं, वेळापत्रक कोणी मोडलं, तर?"

"तर खरं ते सांगा."

"तुम्हीच सांगा की. मला अजून अकरा वर्षं नोकरी करायचीय. टाकीला नळ किती आहेत माहितीय? सोळा!"

प्रयोगबाईंना बोलणं सगळ्यांत अवघड होतं, कारण त्या तात्पुरत्या होत्या. त्यांना कायम करण्याचा कागद नव्या बाईंच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पडून होता. एका सहीची गरज होती. याआधी दोन शाळांनी त्यांना वर्षअखेरीला हात जोडून निरोप दिला होता. त्यांची आई रोज दुपारी फोन करायची, "झाली का गं सही?" आणि त्या म्हणायच्या, "होईल गं." तो कागद मी रोज पाहत होते. माझी पाठ नेमकी टेबलाच्या कडेएवढी. दुसरं काही दिसतच नव्हतं.

तर तिसरा बुधवार उजाडला. तिसरा तास संपत आला असताना प्रयोगबाई आल्या. दार नव्हतं, म्हणून भिंतीवर टकटक केली. आणि माझ्यावर बसल्या, अगदी कडेला. सगळं वजन माझ्या पुढच्या दोन पायांवर.

नव्या बाई खूश. "या, या! शेवटी कोणीतरी आलं! काय म्हणतंय वेळापत्रक?"

"छान."

"मैदानावरचं विज्ञान?"

"छान."

"काही अडचण?"

"छान," प्रयोगबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. दाराच्या भोकातून आम्हा तिघींना दिसलं: मुलं उंच उडीचे दोन खांब खांद्यावर घेऊन रांगेत प्रयोगशाळेकडे चालली होती. मागे शिट्टीवाले सर. चेहरा असा, की जणू प्रेतयात्रेला निघालेत.

प्रयोगबाईंची नजर एकदा कागदाकडे गेली, एकदा खांबांकडे. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि एका दमात म्हणाल्या, "बाई, तुमचं वेळापत्रक चुकलंय."

मी वर्षानुवर्षं तिथे आहे, मित्रांनो. माझ्यावर बसून असं वाक्य उच्चारलेलं दुसऱ्यांदाच ऐकत होते. माझा खिळान्‌खिळा शहारला!

"किती चुकलंय?"

"एक ओळ. सगळंच. कपाट पडेल, बाई, मुलं खाली आहेत!"

"धन्यवाद," नव्या बाई म्हणाल्या.

प्रयोगबाईंचे पाय आपोआप चपला चाचपू लागले. पण समोर पाहतात तर कोणीच नाही! नव्या बाई पळत सुटल्या होत्या. साडीचा पदर खोचून, दार नसलेल्या दारातून, भर शाळेत! मुख्याध्यापक पळताना या इमारतीने कधी पाहिले नव्हते. खांब उभे करून झाले होते आणि पहिला मुलगा उडीसाठी धाव घेऊन निम्म्यात पोहोचला होता, तेव्हा त्या दोन्ही हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या. तो थेट त्यांच्या पोटावर आदळला. कपाट जागेवर राहिलं. मुलाने विचारलं, "बाई, ही उडी धरणार का?"

पाच मिनिटांनी त्या धापा टाकत परत आल्या आणि जवळ दिसली त्या खुर्चीवर, म्हणजे माझ्यावर, धपकन बसल्या. त्यांना वाटलं त्याहून बरंच खाली गेल्या.

"अगंबाई! ही खुर्ची आहे की खड्डा?"

प्रयोगबाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी शिक्षकखोलीत ऐकलेली करवतीची सगळी हकिगत सांगितली.

नव्या बाईंना मात्र आता राग आला. "तीन आठवडे! भांडारखोलीत व्याकरण! वाचनालयात ढोल! आणि एकालाही तोंड उघडवलं नाही? मी काय खाते का तुम्हाला?"

"तुम्ही दार काढलंत, बाई," प्रयोगबाई हळूच म्हणाल्या. "पण खुर्ची तीच ठेवलीत."

माझ्यावर बसून त्यांनी समोरच्या गादीवाल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इथून ती फारच मोठी दिसते हो."

प्रयोगबाईंनी काचेच्या गोळ्याकडे बोट केलं. "आता माझा तो कागद..."

"कुठला? हा? ही तर नुसती प्रत. सही करून मूळ कागद मी सोमवारीच पाठवला वर. कायम आहात तुम्ही."

"सोमवारी?"

"हो. त्यात काय एवढं सांगायचं, असं वाटलं मला."

"काय एवढं?" प्रयोगबाईंचा आवाज असा चढला की शिपाईमामा फडकं टाकून दारात आले. "सोमवार, मंगळवार, दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही! आई रोज फोन करते माझी! तुम्हाला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

आणि मग त्यांना कळलं आपण कोणावर ओरडतोय. त्यांनी तोंडावर हात ठेवला. नव्या बाई माझ्यावर बसून खालून वर त्यांच्याकडे बघत होत्या.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आधी आईला फोन करा. मग मला आणखी ओरडा."

मधल्या सुट्टीत नव्या बाईंनी मला स्वतः उचललं. हो, स्वतः! शिपाईमामा धावले, तर त्यांना म्हणाल्या, "राहू द्या, मामा." शिक्षकखोलीच्या मधोमध मला ठेवलं आणि माझ्यावर बसल्या. आजूबाजूला सगळे उंच खुर्च्यांवर.

"मी दोन चुका केल्या," त्या म्हणाल्या. "वेळापत्रकाची, आणि एका शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची. आणखी काही?"

चित्रकलेच्या सरांनी छताकडे पाहिलं. हस्तकलेच्या सरांनी स्वतःच्या बोटांकडे. मग व्याकरणाच्या बाईंनी चष्मा सारखा केला.

"हे सांगितल्याबद्दल मला काय मिळणार ते आधी सांगा."

"काय हवंय?"

"मिळायला नकोय काही. आहे ते काढून घ्या." आणि त्यांनी पिशवीतून अकरा वर्षांच्या थेंबांच्या वह्या काढून टेबलावर आपटल्या.

आधी शिट्टीवाले सर हसले. मग सगळेच. आणि मग, मित्रांनो, जो काही बांध फुटला! खडू ओले असतात. पंखा फिरतो पण वारा लागत नाही. चित्रकलेच्या सरांना चार वर्षांपूर्वीची रजा हवी होती. नव्या बाई लिहून घेत होत्या. काही गोष्टींना "हो" म्हणाल्या, काहींना सरळ "नाही जमणार", आणि नाही म्हणतानाही समोरच्याकडे बघत होत्या. मुद्दा सत्ताविसावा होता तेव्हा घंटा वाजली. कोणी उठलं नाही.

असं समजू नका की एका दिवसात सगळं गोड झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेबलाच्या अलीकडे आले, तरी दोघं-तिघं मैदानातूनच वळसा घालून गेले. पायांना सवय झालेली असते. त्या वाटेवरून परतायला चित्रकलेच्या सरांना बारा दिवस लागले. मी मोजलेत.

आता तुम्ही विचाराल, खुर्चीची निगा कशी राखावी? सोपं आहे. ओल्या फडक्याने पुसू नका. मागच्या दोन पायांवर झोके घेऊ नका. आणि उद्या मोठे झालात, तुम्हाला एखादं टेबल मिळालं, तर पहिल्या दिवशी पलीकडे बसण्याआधी अलीकडे बसून बघा. आपलं टेबल तिथून केवढं दिसतं ते बघा. समोरचा "छान" म्हणाला, तर लगेच खूश होऊ नका. पुन्हा विचारा. कुठेतरी एखादं कपाट दोनच स्क्रूंवर लटकत असेल. आणि एखाद्याची चांगली बातमी तुमच्या खिशात असेल, तर ती त्याच दिवशी देऊन टाका.

अरे, थांबा! प्रयोगबाई आल्या. हातात सुधारलेलं वेळापत्रक. बसल्या, आणि कडेला नाही, पार मागे टेकून बसल्या! जावयाच्या पट्टीवर!

"बाई, यात पण एक चूक आहे."

"कुठेय?" नव्या बाई म्हणतायत, आणि आपली गादीवाली खुर्ची सोडून, टेबलाला वळसा घालून, पेन्सिल घेऊन इकडे येतायत.