डोहाळजेवण झालं की घेऊ

माझ्या उजव्या दाराला पोचा आहे आणि हॉर्नचा आवाज बसला आहे. तेव्हा मित्रांनो, मी किती जुनी मोटार आहे ते वेगळं सांगायला नको.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चकचकीत पांढरी होते. तळेगावच्या त्र्यंबकरावांनी मला घरी आणलं. ते शाळेत गणित शिकवायचे आणि मलाही गणितासारखीच चालवायचे, एकेक पायरी करत, कुठेही घाई नाही. इंदुरी, शिरगाव, लोणावळा, सगळीकडे आम्ही हिंडलो. त्यांच्या पत्नी इंदिराबाई शेजारी बसून प्रत्येक वळणाला सूचना द्यायच्या. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. ‘किती मऊ चालते हो ही,’ असं पाहुणे म्हणाले की मी फुगून जायची. पुढे त्यांच्या मुलाने, श्रीयशने, नवी उंच गाडी घेतली आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. शेजारचं मांजर माझ्या बोनेटवर झोपायचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग श्रीयशच्या बायकोला, ऋचाला, दिवस गेले आणि माझे दिवस पालटले. नव्या गाडीत चढताना तिला धाप लागायची. माझी मागची सीट बुटकी आणि ऐसपैस. तिच्या तपासणीसाठी त्र्यंबकराव मलाच बाहेर काढू लागले. मी मनातून इतकी सुखावले होते की काय सांगू.

सातवा महिना लागला होता. दवाखान्यातून बाहेर येऊन ऋचा मागे बसली, शेजारी इंदिराबाई.

“आई, डॉक्टर म्हणाल्या, डांग्या खोकल्याची लस आजच घेऊन टाक,” ऋचा म्हणाली. “सत्ताविसाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत घेतात, पण लवकर घेतलेली बरी.”

“धनुर्वाताची झाली ना मागेच?”

“ती वेगळी. ही बाळासाठी. बाळाला त्याची स्वतःची लस दीड महिन्याचं झाल्यावर मिळते. तोवर माझ्याकडून जे मिळेल तेच.”

“हात दुखतो का हिने?”

“एखाद-दोन दिवस. कधी कणकणही येते म्हणे.”

इंदिराबाईंनी जरा विचार केला. “रविवारी डोहाळजेवण आहे. दुखऱ्या हातात हिरवा चुडा कसा भरायचा गं? आणि फुलांच्या दागिन्यात बसायचं, तेव्हा अंगात कणकण. डोहाळजेवण झालं की घेऊ. चार दिवसांनी काय बिघडतं?”

ऋचाने खिडकीबाहेर पाहिलं. “चालेल,” ती म्हणाली. तिलाही त्या फुलांची हौस होतीच.

डोहाळजेवण थाटात झालं. पण मित्रांनो, आपल्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. पहिलं बाळंतपण माहेरी आणि आठव्या महिन्यात प्रवास नको. पंचांगात सोमवारचा दिवस चांगला निघाला. सोमवारी सकाळी ओटी भरून ऋचा माझ्यात बसली आणि आम्ही तिच्या माहेरी, लोणावळ्याजवळ वलवणला निघालो. तळेगावच्या दवाखान्यातली पुढची खेप राहून गेली ती गेलीच. सुनेला केव्हाही गाडीची गरज पडेल म्हणून त्र्यंबकरावांनी मला तिकडेच ठेवलं आणि स्वतः लोकलने परतले.

ऋचाची आई हिराताई मला झोकात चालवायच्या. लोणावळ्याच्या नव्या डॉक्टरांकडून परतताना त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनं झाली का सगळी. मी म्हटलं, हो, तळेगावला झाली.”

“आई, एक राहिलं होतं.”

“मग तुझ्या सासूबाईंनी सांगितलं नसतं का? किती काटेकोर आहेत त्या.”

“पुढच्या वेळी विचारते मी,” ऋचा म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता. पुढच्या वेळी पाय सुजले होते, त्याचंच बोलणं झालं. तळेगावला वाटत राहिलं की लोणावळ्यात घेतली असेल. लोणावळ्याला वाटलं, तळेगावात झाली. मी दोन्हीकडचं ऐकलेली. पण मोटारीचा हॉर्न तिच्या मर्जीने वाजत नाही.

मुलगी झाली. गोरीपान, दाट जावळाची, सगळ्यांची छकुली. बारशाला तळेगावची मंडळी लोकलने आली. हिराताईंबरोबर मी त्यांना स्टेशनवर घ्यायला गेले. घर येईपर्यंत त्र्यंबकराव खोकतच होते.

“तीन आठवडे झाले,” इंदिराबाई म्हणाल्या. “ज्येष्ठमध चालू आहे. जाईल हवा बदलली की.”

संध्याकाळी ते नातीला घेऊन माझ्या पुढच्या सीटवर बसले. “आजोबांची गाडी बघ,” असं काहीतरी तिच्या कानाशी बोलत होते. खोकल्याची उबळ आली, त्यांनी तोंड फिरवून रुमाल धरला आणि पुन्हा तिच्यावर वाकले. ऋचा दारात उभी होती. तिचे ओठ हलले. पण सासऱ्यांना कसं म्हणायचं, की तिला खाली ठेवा?

पुढच्या पंधरवड्यात छकुली खोकू लागली. आधी वाटलं, साधी सर्दी. मग एका सकाळी हिराताईंनी मला जी पळवली तशी मी जन्मात पळाले नव्हते. मागे ऋचाच्या मांडीवर छकुली खोकत होती, खोकत होती, आणि मग कामशेतजवळ एकदम शांत झाली. त्या शांततेची मला आजही भीती वाटते. तिचे ओठ निळे पडले होते. ऋचा तिची पाठ चोळत नुसतं “घे ना गं, श्वास घे ना” म्हणत होती. शेवटी तिने एक श्वास घेतला. पुण्याचं इस्पितळ येईपर्यंत आम्ही सगळे तिचा एकेक श्वास ऐकत होतो.

डांग्या खोकलाच होता. छकुलीला काचेच्या खोलीत ऑक्सिजनवर ठेवलं. घरातल्या मोठ्यांनाही औषधं दिली. त्र्यंबकरावांचा खोकलाही तोच निघाला.

इस्पितळाच्या आवारात मी उभी होते. आत रडायला जागा नसली की घरचे माझ्यात येऊन बसायचे.

“मीच म्हणाले, हात दुखेल,” इंदिराबाई म्हणाल्या. “बांगड्यांसाठी.”

“तू नुसतं पुढे ढकललंस,” त्र्यंबकराव म्हणाले. “मी तर खोकला घेऊनच गेलो तिच्याकडे.”

हिराताई मागे बसल्या होत्या. “आणि ‘सगळी झाली’ म्हणून मीच ठोकून दिलं,” त्या म्हणाल्या.

एवढ्यात ऋचा आली. तिने सगळं ऐकलं होतं. “तुम्हाला नीट माहीत नव्हतं,” ती सावकाश म्हणाली. “मला माहीत होतं. मी एकदाही ठासून बोलले नाही. आत ती एवढ्याशा छातीने श्वास ओढते आहे, आणि मला त्या फुलांचे फोटो आठवतात.”

छकुली वाचली. बऱ्याच दिवसांनी, वाळून एवढीशी होऊन, पण ती माझ्याच मागच्या सीटवरून घरी आली.

मित्रांनो, तुमच्या घरी ताई, काकू, मामी कुणी आई होणार असेल तर माझ्यासाठी एक करा. डांग्या खोकल्याच्या लसीचं डॉक्टरांना विचारलं का, असं तिला विचारा. ती माहेरी निघाली असेल तर निघण्याआधी विचारा आणि पोचल्यावर पुन्हा विचारा. समारंभ आठवडाभर पुढे ढकलला तर फार तर पाहुणे कुरकुरतील. आणि खोकणारं माणूस कितीही लाडकं, कितीही मोठं असलं तरी त्याला तान्ह्या बाळापासून लांब बसायला सांगा. त्याला राग येईल, येऊ द्या.

आता छकुलीला दोन दात आले आहेत. रोज संध्याकाळी तिला माझ्या सीटवर बसायचं असतं, तेही आजोबांच्याच मांडीवर. तुम्ही पूर्ण बरे आहात, असं डॉक्टरांनी त्र्यंबकरावांना कधीच सांगितलं आहे. तरी ती मांडीवर आली की ते तोंड खिडकीकडे फिरवतात आणि श्वास रोखून धरतात. ती दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी पकडते आणि त्यांचं तोंड आपल्याकडे वळवत राहते.