अण्णांचा कॅप्टन कुरमुरा

अण्णांनी चौतीस वर्षं भिवंडीच्या एका शाळेत मराठी शिकवलं. तिथल्या निजामपुरा भागात कोणी पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकवला, तर ते दुकानात शिरून सांगायचे. अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी ‘कॅप्टन कुरमुरा’ नावाचं पोरकट गाणं आवडावं, हे त्यांच्या बायकोला पटत नव्हतं. घरात सगळे तिला माई म्हणत. अण्णा एकटे तिला नावाने हाक मारत, चंद्रा.

गाणं पहिल्यांदा वाजलं ते नातीच्या, ईराच्या मोबाइलवर. कुरमुऱ्यासारखा हलका एक सुपरहिरो. गुंडांना लोळवतो, पण वारा सुटला की स्वतःच उडून जातो.

“आला रे आला कॅप्टन कुरमुरा,
पंखा बंद करा हो जरा!”

अण्णा जेवता जेवता थांबले आणि ठसका लागेपर्यंत हसले. “परत लाव गं,” म्हणाले. आठवड्याभरात गाणं पाठ झालं. मग आंघोळ करताना तेच, भाजी निवडताना तेच.

“अहो, तुमचे विद्यार्थी ऐकतील तर काय म्हणतील?” माई वैतागायची.

“म्हणू देत. बाकीचे हिरो बघ, कसे दणकट. हा बिचारा रोज उडून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला हजर. मला आवडतो तो, चंद्रा.”

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना अण्णांच्या हातातून रेझर गळून पडला. पक्षाघात. ठाण्याच्या हॉस्पिटलात सतरा दिवस काढून घरी आले, तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. “ते... ते...” एवढंच तोंडातून निघायचं. पाणी हवं असलं तरी तेच, पाठ दुखली तरी तेच.

महिन्याभराने एका दुपारी ईराने त्यांच्या उशाशी बसून ते गाणं लावलं. अण्णा गाऊ लागले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, अगदी स्पष्ट. माई कणकेच्या हातांनीच धावत आली.

“अहो! आता मला हाक मारा बघू. म्हणा, चंद्रा.”

अण्णांचे ओठ हलले. “ते... ते...”

वाचा-उपचार करणाऱ्या बाई दर पंधरवड्याला यायच्या. त्यांनी समजावलं, “असं होतं, माई. बोलणं अडतं, पण गाणं येतं. त्यांना रोज गाऊ द्या. त्याच वाटेने चार शब्द परत येतील.”

पुढे ईरा कॉलेजला पुण्याला गेली. जुलैमध्ये अण्णांचा जुना विद्यार्थी भूपेश भेटायला आला. दापोड्याला त्याची मोठी गोदामं आहेत. सोबत एक मित्र होता. भूपेश वाकून पाया पडला.

“सर, ओळखलंत ना?”

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी डाव्या हाताने भूपेशचा हात घट्ट धरला, बोलायला तोंड उघडलं, आणि गाणंच बाहेर आलं. मित्र फिस्सकन हसला. भूपेशने त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण हसू त्यालाही आवरलं नाही.

ते गेल्यावर माईने दार लावलं. “पुरे झालं हे गाणं,” ती म्हणाली. “एवढी वर्षं मान राखलात, आता लोकांनी हसायचं का तुम्हाला?”

अण्णा त्या दिवसापासून गायले नाहीत. वाचा-उपचाराच्या बाईंना माई सांगत राहिली, थकवा आहे, म्हणून गात नाहीत. सुरुवातीला तिला त्या शांततेत बरं वाटलं. मग एका शुक्रवारी आळीतले यंत्रमाग सुट्टीमुळे बंद होते, आणि दिवसभरात अण्णांनी “ते” सुद्धा म्हटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

पुढच्या खेपेला तिने बाईंना खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. “सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात हो,” एवढंच म्हणाल्या.

माईने आयुष्यात कधी आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नव्हती. त्या संध्याकाळी ती अण्णांच्या समोर खुर्ची घेऊन बसली आणि कॅप्टन कुरमुऱ्याचं गाणं म्हणू लागली. सूर लागेना, शब्द पुढेमागे झाले. “माझं चुकलं. आता गा हो,” ती म्हणाली. अण्णा भिंतीकडे पाहत राहिले.

ती रोज म्हणत राहिली. अकराव्या दिवशी “पंखा बंद करा हो” म्हणून ती श्वास घ्यायला थांबली आणि अण्णा म्हणाले, “जरा.”

पुढे मात्र काही आलं नाही. पूर्ण गाणं परत कधीच आलं नाही. तिचं नावही नाही.

दिवाळीत ईरा घरी आली. “अण्णा, म्हणूया?” म्हणून तिने उत्साहाने सुरू केलं. अण्णांनी शेवटचा एक शब्द बरोबर म्हटला. ईरा वाट पाहत थांबली, मग तिने माईकडे बघितलं.

“उन्हाळ्यात तर सगळं येत होतं ना गं?”

“येत होतं,” माई म्हणाली. “मी गप्प केलं त्यांना.”

हे तिने घरातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांनी डावा हात सावकाश उचलला आणि माईच्या गुडघ्यावर ठेवला. माईने मान वर केली नाही.