गळ्यात राहिलेला फालसा

“यात नुसतं पाणी भरायचं, वहिनी. रस ग्लासात. रस यात भरला तर ही उसळते.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता बावीस उन्हाळे झाले. तरी दुपारी घर निजलं की तो हळूच येतो आणि माझ्या काचेला कान लावून बसतो.

मित्रांनो, मी एक जुनी सोडा बनवायची बाटली आहे. जाड काचेची, अंगावर तारेची जाळी, डोक्यावर चोच आणि एक दांडा. माझ्यात थंड पाणी भरतात, डोकं घट्ट आवळतात आणि बोटाएवढी गॅसची नळकांडी बाजूला पिळून बसवतात. ती फुस्स करते आणि साध्या पाण्यात जीव येतो.

माझा जन्म दूरदेशी झाला. भोपाळला मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता, तेव्हा एका परदेशी इंजिनिअरच्या पेटीतून मी आले. काम संपल्यावर साहेब घरी निघाला आणि सामान वाटताना मला लेथवर काम करणाऱ्या भालचंद्र टर्नरच्या हातात देऊन गेला. भालचंद्र मूळचा नागपूरचा. कारखान्याच्या वसाहतीत त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, पुढे ओटा, मागे नळ आणि नळाच्या सांडपाण्यावर पुदिन्याचा हिरवा वाफा. घरात त्याची बायको इंदुमती आणि धाकटी बहीण नलिनी. नलिनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवायची. माझ्या खोक्यातला इंग्रजी कागद तिनेच वाचला आणि वहिनीला समजावून सांगितला.

ते दिवस आठवले की अजून माझी काच गार होते. चारचा भोंगा झाला की नलिनी मला भरायला घ्यायची. भरायचं काम तिचं, वाटायचं काम इंदुमतीचं. कधी कैरीचं पन्हं, कधी लिंबू आणि पुदिना, कधी तुळशीची चार पानं चुरडून मोसंबी. ग्लासाच्या तळाशी रस, वर चिमूटभर काळं मीठ, आणि सगळ्यांत शेवटी मी. ग्लास तिरपा धरायचा, धार कडेने सोडायची, वरून ढवळायचं नाही. शेजारच्या मिश्राभाभी म्हणायच्या, “तुम मराठी लोगों ने तो नींबू को भी अफसर बना दिया.” इंदुमतीला हिंदी फारशी यायची नाही. नलिनी भाषांतर करायची, मग दोघी मिळून हसायच्या.

इंदुमती विदर्भातल्या खेड्यातून आलेली, मूलबाळ नाही, नवरा शिफ्टमध्ये. दिवसभर भिंतींशी काय बोलणार? नलिनी आली की तिचं तोंड उघडायचं. पाट्यावर पुदिना वाटताना ती स्वतःच रचून म्हणायची:

“पुदिना मी गं वाटी, बोटं झाली हिरवी,
नणंद माझी मैना, जाईल कुण्या गावी.”

नलिनी आतून ओरडायची, की कुठे जातेय, मला कोण नेतंय.

पण न्यायला माणसं निघाली. मे महिन्यात ग्वाल्हेरहून एक कुटुंब तिला पाहायला यायचं ठरलं. मुलगा कॉलेजात शिकवत होता. त्याचा फोटो आधी आला होता. नलिनीने तो दोनदा सगळ्यांसमोर पाहिला आणि तिसऱ्यांदा एकटीने. त्या तिसऱ्या वेळी दारात इंदुमती उभी होती.

पाहुणे यायच्या दिवशी बाजारातून फालसे आणले होते, काळपट लाल, आंबटगोड बारीक फळं. नलिनी आतल्या खोलीत साडी नेसत होती, म्हणून मला भरायला इंदुमतीने घेतलं. माझ्यात पाण्याचा गारवा उतरेल म्हणून मी वाट पाहत राहिले. उतरला तो फालशाचा दाट रस, सालींसकट. मी ओरडले असते, पण बाटलीला आवाज असतो तो दुसऱ्याने दाबल्यावरच. नळकांडी बसली. माझ्या पोटात वादळ कोंडलं.

नलिनीने मला पाहुण्यांसमोर नेलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, डोळे खाली होते. तिने दांडा दाबला. आधी काहीच आलं नाही, साल गळ्यात अडकली होती. तिने जरा जोरात दाबलं.

मुलाच्या आईने पांढरी चंदेरी नेसली होती. मित्रांनो, पुढचं मी सांगत नाही.

त्या बाई डाग पुसत म्हणाल्या, की नकाशे काढणाऱ्या हाताला एक बाटली सांभाळता येत नाही तर संसार काय सांभाळेल. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. भालचंद्र बहिणीवर संतापला. बाटली भरणं तुझंच काम ना, म्हणाला. नलिनीने वहिनीकडे पाहिलं. इंदुमती खाली बसून फरशी पुसत होती, तिने मान वर केली नाही. मग नलिनी म्हणाली, “हो दादा. माझंच काम.”

ग्वाल्हेरचं स्थळ मोडलं आणि ती गोष्ट वसाहतभर फिरली. पुढच्या स्थळांच्या कानावर ती आधीच गेलेली असायची. वर्षभरात नलिनीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला, एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. भाऊबीजेला यायची, पाहुणीसारखी ओट्यावर बसायची, साधं पाणी प्यायची आणि अंधार पडायच्या आत बस धरायची.

मला वरच्या फळीवर ठेवलं गेलं. माझ्या गळ्यात, ब्रश पोचत नाही अशा वळणावर, फालशाचा एक डाग राहिला. पण एकटी असली की इंदुमती मला खाली काढायची. नुसतं पाणी भरायची, दोन ग्लास मांडायची, दोन्हींत लिंबू पिळायची. एक ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायची. माझी धार सुटली की त्या फुसफुसण्यात मला नलिनीचा आवाज ऐकू यायचा. इंदुमतीलाही येत असावा, कारण ती वळून दाराकडे पाहायची. बुडबुडे मरेपर्यंत ती बसून राहायची आणि तो दुसरा ग्लास पुदिन्याच्या मुळाशी ओतायची.

मग शहरावर तो डिसेंबर आला. आमच्या वसाहतीपर्यंत तो विषारी वारा आला नाही, माणसं मात्र आली, डोळे चोळत. नलिनी सुखरूप असल्याचा निरोप दुपारी मिळाला, तोवर इंदुमती उंबऱ्यावर बसून होती, ओठ सारखे हलत होते. तिने नळकांड्यांचा डबा फेकून दिला. गॅस हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. त्यानंतर ती मला रिकामीच खाली काढायची आणि दांडा दाबायची. खट् एवढाच आवाज. तरी ती दाराकडे पाहायची.

आता भालचंद्र रिटायर झाला आहे. क्वार्टर सोडायचं आहे, जवळच सोनागिरीला घर घेतलं आहे. आज नलिनी सामान बांधायला आली. कानशिलं पांढरी झाली आहेत, चष्मा लागला आहे. फाटकाशी कबाडीवाला उभा आहे. तिने फळीवरून मला उतरवलं, धूळ फुंकली आणि विचारलं, “ही अजून ठेवलीत तुम्ही? देऊन टाकू?”

मित्रांनो, मला कबाडात जायची भीती वाटत नाही. काच वितळते, पुन्हा कशाची तरी बाटली होते. माझी विनंती एवढीच, की वस्तू वापरून झाली की लगेच, आतपर्यंत धुवा. उद्या धुऊ म्हणून ठेवलेला डाग मग निघत नाही. मी तो वीस वर्षं गळ्यात घेऊन बसले, आणि मला वाटायचं की या घरात मी एकटीच नव्हे.

इंदुमतीने मला नलिनीच्या हातातून घेतलं.

“नलू, त्या दिवशी रस मी भरला होता.”

नलिनी दोरी गुंडाळत राहिली. “माहीत आहे, वहिनी. तेव्हाच कळलं होतं. घाईत चुकलं असेल तुमचं.”

फाटकाशी कबाडीवाल्याने घंटी वाजवली. कुणी तिकडे पाहिलं नाही.

“चुकलं नव्हतं गं,” इंदुमती म्हणाली. “उसळणार हे ठाऊक असूनच भरला. तू गेल्यावर मी बोलायचं कुणाशी?”