गोळीवाल्यांची साक्ष

"काका, थोडं चिडा हो!" एका कंपनीच्या मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या समितीच्या दाराशी वकीलबाईंनी पुन्हा बजावलं. "त्या कंपनीनं तुमचं वाटोळं केलंय. चेहरा तरी तसा करा."

गोळीवाल्यांनी प्रयत्न केला. बाईंनी काळजीनं विचारलं, "पित्त झालंय का?"

औषधाच्या गोळ्यांची वेळ सांगणारं ॲप त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून बनवलं, म्हणून हे नाव. चाचणीपुरता बायकोचा आवाज भरला होता; तो काढायचा राहिला आणि ॲप तसंच बाजारात गेलं. "अहो, गोळी घेतलीत का? की येऊ मी?" हजारो म्हातारे मुकाट्यानं गोळ्या घेऊ लागले. विधुरांची तर आभाराची पत्रं आली. मग फोन बनवणाऱ्या या कंपनीनं तसलंच ॲप प्रत्येक फोनात फुकट घातलं. तिच्याच ॲपच्या दुकानात गोळीवाले मागे मागे सरकत गेले. आता साक्ष दिली, तर उरलीसुरली जागाही जायची धास्ती होती.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

"आधी कंपनीचे आभार मानतो." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "घरबसल्या गिऱ्हाईक तिनंच दाखवलं, खाल्ल्या मिठाला जागतो. पण साहेब, बाजार तिचा, तराजू तिचा आणि समोरचं दुकानही तिचंच. आम्ही धंदा करतो की पाहुणचार घेतो, तेच कळत नाही."

"मग कंपनीचे तुकडे केले तर तुमचा फायदा होईल?"

"माझ्यापुरतं म्हणाल, तर बैल गेला नि झोपा केला. शिवाय एका दांडगोबाचे दोन झाले, तर दोघांना सलाम ठोकावे लागतील. पण दुकान एकाचं आणि माल दुसऱ्याचा झाला, तर नव्या माणसाला पुढच्या फळीवर जागा तरी मिळेल. लिहून घ्या. माझं नाव घालून."

साक्ष टाइप करणाऱ्या बाई बाहेर सहीसाठी आल्या. "काका, ते ॲप अजून मिळतं का हो? बाबा गोळ्या चुकवतात."

"फोनातलं फुकटचं आहे की."

"त्याला ते भीक घालत नाहीत."

गोळीवाले ओशाळून हसले. "मिळतं. पण बरंच खाली आहे."

बाईंनी फायली त्यांच्या हातात दिल्या आणि फोनवर बोट सरकवायला सुरुवात केली. वर कंपनीचं, खाली कंपनीच्या सोयऱ्याधायऱ्यांचं. दहा झाली, वीस झाली.

"राहू द्या, ताई. तुमचं काम खोळंबलंय."

"थांबा हो," त्या मान वर न करता म्हणाल्या.

गोळीवाले दोन्ही हातांनी फायली सांभाळत उभे राहिले.