वेशीवरचा गोळ्यांचा डबा

मित्रांनो, जन्माने मी बिस्किटांचा डबा. आता माझ्या झाकणावरचा मोर खरवडला आहे, कडांना गंज चढला आहे. पण एके काळी शहापूरच्या दुकानात मी काचेआड मिरवत होतो. तिथून शेणव्याजवळच्या वाडीवर, ठमीच्या घरी आलो. बिस्किटे दोन दिवसांत फस्त झाली. मग माझ्या पोटात आल्या बुध्याच्या गोळ्या.

बुध्या ठमीचा नवरा. त्याच्या यकृतात हिपॅटायटिस बीचा विषाणू ठाण मांडून बसला होता. "हा जायचा नाही, पण रोजच्या एका गोळीने दबून राहील. मला विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका," असे डॉक्टर मॅडमनी बजावले होते.

दिवाळीनंतर सारे घर वीटभट्टीवर जाई, तेव्हा ठमीच्या डोक्यावरच्या बोचक्यात मीही असे. भट्टीची धूळ भाकरीत शिरे, डोळ्यांत शिरे. माझ्या आत कधी शिरली नाही. माझे झाकण घट्ट, आणि त्याचा मला भारी गर्व!

"गोळी खाल्ली का रे?" ठमी रोज विचारी.

"तू सोडशील तर ना!" बुध्या हसे.

अशी पाच वर्षे गेली. बुध्या विटा थापत होता, धडधाकट होता.

गेल्या वैशाखात भट्टीवरून परतल्यावर त्याच्या रक्ततपासणीचा कागद आला. मॅडम गुरुवारी भेटणार होत्या. तेवढा धीर कुणाला? दहावीत जाणाऱ्या रविनाने, त्यांच्या लेकीने, तो वाचला.

"बाबा, ई अँटीजेन निगेटिव्ह! आन् अँटीबॉडी पॉझिटिव्ह. अँटीबॉडी म्हंजे रक्तातले शिपाई. ते उभे राहिले. आजार गेला गो आई!"

पोर शाळेत शिकलेलेच सांगत होती. घरात वाचता येणारी ती एकटी. तिचा शब्द कोण खोडणार?

वाडीची रीत अशी, की आजार उतरला की त्याचे सामान घरात ठेवायचे नाही. ते वेशीबाहेर न्यायचे, नाहीतर आजार त्याच्या मागावर परत येतो. ठमीने मला कुंकू लावले, नारळ फोडला आणि वेशीवरच्या ऐनाच्या झाडाखाली ठेवले.

"जा बाबा, परत येऊ नको," ती हात जोडून म्हणाली.

मला म्हणाली! मला फार लागले. माझ्या पोटात दोन महिन्यांच्या गोळ्या तशाच होत्या. बरा झालेल्याने डॉक्टरांकडे कशाला जायचे, म्हणून गुरुवारही तसाच गेला.

बुध्या रोज वेशीवरून जाई. श्रावणात त्याचे डोळे पिवळे दिसले, मग पोट फुगले. ठमीने जैतू भगताकडून कावीळ उतरवून घेतली. माझा जीव तुटत होता, पण डब्याचे कोण ऐकतो? भादव्यात बुध्याला दवाखान्यात दाखल केले. मॅडमनी गोळ्यांचे विचारले, तशी रविना धावत आली आणि मला छातीशी धरून थेट दवाखान्यात घेऊन गेली.

मॅडमनी झाकण उघडले आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या.

"रविना, हा विषाणू रूप बदलतो," त्या म्हणाल्या. "ई अँटीजेन ही त्याची एक खूण. ती त्याने बनवायचीच सोडली, म्हणून तपासणीत दिसली नाही. बाबांचे शिपाई ती खूण शोधत उभे आहेत, आणि तो खुणेवाचून वाढतोय. त्याला गोळीनेच दाबून ठेवलं होतं."

"आमी आता चालू केली तर?"

"मी चालू केलीये, बाळा. पण यकृत फार थोडं उरलंय."

नवव्या दिवशी बुध्या गेला.

त्याच्या सामानाबरोबर ठमीने मला पुन्हा ऐनाखाली आणून ठेवले. या वेळी कुंकू नव्हते. "ह्यो डबाच अवलक्षणी," एवढेच ती म्हणाली. रविनाला खरे ठाऊक होते. पण आईला सांगायला तिचे तोंड उघडले नाही.

मित्रांनो, एका कागदावर आनंदू नका. चांगला कागद आला तरी तो आधी डॉक्टरांना दाखवा, आणि ते थांबवा म्हणेपर्यंत गोळी थांबवू नका. मला हात असते, तर त्या दिवशी मी ठमीचा पदर धरला असता.

दिवाळी झाली. रविना आता शाळेत जात नाही. भट्टीवर बापाच्या जागी विटा थापायला जाते. निघण्याच्या दिवशी ती वेशीवर थांबली, माझे झाकण उघडून तिने आत पाहिले आणि पुन्हा घट्ट लावले. गोळ्या अजून कोरड्याच आहेत.